चष्म्यांच्या दुकानातली बरणी

रविवारी सकाळी मी लिंबांची बरणी कडेवर घेऊन ऊन शोधत फिरत होते. येणारेजाणारे वळून बघत होते. बघू देत!

माझ्या भाड्याच्या खोलीत तसं सगळं होतं. ओटा, नळ, खिडकीसुद्धा. पण खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत उभी, त्यामुळे ऊन काही आत यायचं नाही. आणि मावशीने तर फोनवर बजावलं होतं, "लिंबांना चार चिरा दे, पण खाली जोडलेली ठेव. आत मीठ दाबून भर, वरून लिंबाचाच रस ओत आणि तोंडाला फडकं बांध. मग ऊन दाखवायचं आणि रोज एकदा बरणी हलवायची. बाकी काही करायचं नाही. जमेल ना तुला... काही न करणं?"

मावशी मला भिंगरी म्हणते. मी बदली शिक्षिका. कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, कुणाचा पाय मोडला, की त्यांच्या वर्गावर मी. त्या परत आल्या की मी दुसऱ्या गावी. मला हे असंच आवडतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. माझी बॅग कधी पूर्ण रिकामी व्हायची नाही. जाईन त्या गावी मी हौसेने लिंबं घालायचे आणि ती मुरायच्या आत माझं जायचं ठरायचं. मग बरणी शेजारणीच्या हातात. स्वतः घातलेलं लिंबू मी आजवर चाखलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानाची खिडकी मात्र उन्हाने नुसती न्हाऊन निघाली होती. हात भरून आले म्हणून मी पायरीवर बरणी टेकवली.

"आत ठेवा ना," मागून आवाज आला. "बाहेर मांजर आहे."

मी वळले. हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. चष्मेवालाच असणार, पण त्याच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"मांजर लिंबं खातं?" मी विचारलं.

"नाही. पण बरण्या पाडतं." तो हसला. "माझ्या खिडकीत राहू दे. दिवसभर ऊन असतं तिथे. चष्म्यांना त्याचा काय उपयोग!"

"मग रोज हलवायला यावं लागेल मला."

"मी हलवीन."

"छे! ते मीच करणार," मी इतक्या घाईने म्हटलं की मलाच लाज वाटली.

त्याने मधल्या ओळीतल्या फ्रेमा बाजूला सारल्या आणि बरणी तिथे ठेवली. काचेतून, खारातून ऊन आरपार गेलं आणि समोरच्या भिंतीवर पिवळा डाग हलत राहिला. आम्ही दोघं उगाचच तो डाग बघत उभे राहिलो...

मग रोज शाळा सुटली की माझे पाय तिकडेच वळायचे. बरणी हलवायला असा कितीसा वेळ लागतो? पण मला लागायचा. मी बरणी हलवायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे, मग आरसे सरळ करायचे, डब्या रचायचे. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय, डोळ्यांचं औषध का?" तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "हो. रोज संध्याकाळी एकदा बघायचं." आणि बघायचा मात्र माझ्याकडे.

एकदा दुकानात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा त्याने मला उंच खुर्चीवर बसवलं आणि भिंगं बदलून बघायची जड फ्रेम नाकावर ठेवली.

"डोळे तपासू या. किती चुळबुळ करता! समोर बघा."

"समोर तुम्ही आहात."

"मग माझ्याकडे बघा."

मी बघितलं. त्याने एक भिंग काढून दुसरं घातलं. त्याच्या बोटांना साबणाचा वास येत होता.

"आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?"

"मघाशी... नाही, आता... थांबा, पुन्हा दाखवा."

डोळ्यांत काहीच दोष निघाला नाही. छाती मात्र खोलीवर पोचेपर्यंत धडधडत होती.

त्याला मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "लिंबं मुरली की मी निघणार. त्या बाई परत येतील ना." तेव्हा तो एकच काच कितीतरी वेळ पुसत राहिला होता. मला वाटलं होतं, काहीतरी म्हणेल.

मग एका सोमवारी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "त्या बाई आता परत येणार नाहीत. जागा कायमची आहे. हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा." नेमका त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या शाळेचा फोन आला, तिथे कुणाचा तरी पाय मोडला होता. एरवी मी हो म्हणून मोकळी झाले असते. आता मात्र जेवताना उठत होते, झोपताना उठत होते, वर्गात फळा पुसला की पुन्हा पुसत होते. मला जायचं नव्हतं. पण राहा असं कुणी म्हणायला हवं होतं ना! कुणी म्हणजे कोण, ते काय सांगायचं...

त्याला मी हे काही बोलले नाही. फक्त बुधवारी संध्याकाळी फडकं सोडून एक लिंबू दाबून बघितलं. साल अजून कडक. रंगही फारसा उतरला नव्हता.

"अजून कशी मुरत नाहीत?"

"काल ढग होते," तो म्हणाला.

"काल? मी काल दुपारभर मैदानात मुलांच्या मागे धावत होते. नाक सोलून निघालंय माझं उन्हाने."

"इकडे होते ढग."

"तुमच्या दुकानापुरते?"

तो खाली बघून स्क्रू शोधायला लागला. कान लाल झाले होते. मला संशय यायला हवा होता, पण खरं सांगू? लिंबं कडक आहेत म्हणून मला इतकं हायसं वाटलं होतं की पुढचं काही सुचलंच नाही.

गुरुवारी शाळा अर्ध्या दिवसात सुटली. मी भर दुपारी दुकानाशी पोचले. खिडकीत लख्ख ऊन होतं आणि माझ्या बरणीच्या जागी पुठ्ठ्याचा एक चेहरा काळा चष्मा लावून बसला होता.

"बरणी कुठे आहे?"

तो डबा खात होता. घास हातातच राहिला. मग उठून त्याने खालचं कपाट उघडलं. रिकाम्या डब्यांच्या मागे, काळ्या कापडात गुंडाळलेली माझी बरणी!

"शाळा सुटायच्या आधी रोज काढून ठेवतो," तो पुटपुटला. "वरती खिडकीत."

"रोज? माझी लिंबं रोज अंधारात ठेवलीत तुम्ही?"

"मुरली की जाणार म्हणालात ना..."

मला हसू आलं, रडू आलं, आणि सगळ्यात आधी राग आला.

"म्हणून लपवलीत? मी काय लिंबू आहे का, फडकं टाकलं की बसेन गप्प? मला विचारता येत नव्हतं? रोज येत होते मी, रोज! तोंडाला कुलूप लावलं होतं का तुमच्या?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं तर?"

"तर नाही! पण विचारायचं होतंत!"

मी बरणी उचलली आणि तरातरा निघाले. त्याने हाक मारली नाही. मारली असती तर थांबले असते, याचाही राग आला.

खोलीवर येऊन मावशीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली.

"नासली का गं लिंबं?"

"नाही. पण मुरलीच नाहीत!"

"अंधारातही मुरतात बाई. वेळ लागतो, इतकंच. आणि भांडायचं असेल तर त्याच्याशी जाऊन भांड, मला कशाला फोन करतेस?"

फोन ठेवल्यावर मी एका लिंबाची फोड तोडून तोंडात टाकली. खारट, आंबट, मागाहून कडू. अर्धीकच्ची होती, पण माझी होती. मग बसवेना म्हणून खोली आवरायला घेतली. आवरता आवरता बॅग ओढली आणि सगळी रिकामी केली, तळापर्यंत. तळाशी उन्हाळी चपला होत्या, मीच कधीतरी ठेवलेल्या आणि विसरलेल्या. त्या दाराशी काढून ठेवल्या आणि रिकामी बॅग कपाटावर टाकली. तो विचारो न विचारो, मला इथेच राहायचं होतं. हे एकदा मनाशी कबूल केल्यावर मला गाढ झोप लागली.

शुक्रवारी संध्याकाळी मी बरणी घेऊन दुकानात शिरले. तो उभाच होता. चष्म्याचा दोरा गेला होता, नवी काडी बसवलेली होती. डोळे मात्र तारवटलेले.

मी पुठ्ठ्याचा चेहरा उचलून बाजूला ठेवला आणि खिडकीत बरणी मांडली.

"काल विचारायचं राहिलं होतं तुमचं," मी म्हटलं. "विचारा आता."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी वाट बघितली. जन्मात पहिल्यांदा, एका जागी, हाताची घडी घालून...

"राहशील?" तो म्हणाला. एवढंच. आणि तुम्हीचं तू झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही. "म्हणजे लिंबांसाठी नाही. माझ्यासाठी. मला तू आवडतेस. फार आवडतेस. लपवायला नको होती बरणी, कळतंय मला. पण दुसरं काही अडवून धरायला नव्हतंच माझ्याकडे."

"शाळेत सकाळीच हो सांगून आलेय," मी म्हटलं. "कायमची."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "मग मला कशाला विचारायला लावलंस?"

"ऐकायचं होतं." मी हाताची घडी सोडली. "आणि मलाही तू आवडतोस. नाहीतर रोज एवढा वेळ कोण बरणी हलवतं?"

तो हसला. मग सावधपणे, एखादं नाजूक भिंग उचलावं तसा, त्याने माझा हात हातात घेतला. भिंतीवरचा पिवळा डाग सरकत सरकत आमच्या हातांवर आला.

"आणि ही मुरल्यावर?" त्याने विचारलं.

"मग मिरच्या घालू. खिडकी मोठी आहे तुझी."

बाहेर कुणीतरी चष्मा दुरुस्तीला घेऊन थांबलं होतं, काचेवर टकटक करत होतं. आम्ही तिकडे बघितलंच नाही. बरणी हलवायची मात्र त्या दिवशी दोघंही विसरलो.