रिकाम्या टॉवरची सावली

खरं सांगते म्हटलं की लोकांना आधी संशय येतो. येऊ दे. हे घडलं, आणि रात्रीही नाही. मागच्या उन्हाळ्यात, भरदुपारी, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

बाबा लाइनमन होते. शहराबाहेरच्या टॉवरवर विजेच्या धक्क्यानं गेले. ऑफिसच्या नकाशात ती लाइन बंद होती. प्रत्यक्षात तिच्या दुसऱ्या टोकाला नवा सौरप्रकल्प जोडलेला होता. नकाशात तो कोणी चढवलाच नव्हता.

"चूक तुमच्या बाबांचीच," ऑफिसातले साहेब म्हणाले.

मेलेला माणूस उलट बोलत नाही.

म्हणून मी खुल्या नकाशाचं काम धरलं. कुठली वीज कुठून येते हे कोणालाही पाहता यावं, यासाठी माझ्यासारखे पुष्कळ जण उपग्रहाचे फोटो बघून तो भरतात. वरून टॉवर पटकन कळत नाही. सावलीवरून शोधायचा.

बाबांचा टॉवर सापडला. लांब, जाळीदार सावली.

तिच्या आडव्या दांडीवर... एक माणूस बसलेला.

फोटो मोठा केला. टॉवरवर कोणीच नव्हतं.

तारीख बाबा गेल्यानंतरची.

धाकट्या भावाला दाखवलं.

"ताई, कोणीतरी काम करत असेल."

"मग तो आहे कुठे?"

त्यानं फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "बंद कर ते."

सावलीचा एक हात प्रकल्पाच्या तारेकडे होता. मी ती तार नकाशात भरली. 'चालू' असं लिहिलं. साहेबांना कळवलं.

"तुमचा तो फुकटचा नकाशा होय?" ते हसले.

मग बाबांच्या कामावरच्या जोडीदाराला फोन लावला.

"काका, त्या लाइनवर चढू नका."

"सोमवारी मलाच जायचंय की गं. नकाशात अजून बंदच आहे ती."

"बाबांनाही हेच सांगितलं होतं."

काकांनी आवाज खाली आणला.

"बरं. कंबर धरली म्हणून सांगतो. नाहीतरी वर्षातनं चारदा धरतेच."

काका वाचले.

महिन्याभरानं नवा फोटो आला.

दांडीवर... दोन सावल्या.

"सोमवारी तुमच्या जागी कोण गेलं, काका?"

"कंत्राटदाराचा कोणीतरी. नाव कोणाला ठाऊक?"

मी ऑफिसात गेले. साहेबांनी मान वर केली नाही. "बंद लाइनवर आम्ही माणूस पाठवतच नाही."

तो फोटो मी अजून उघडते. दुसरी सावली बारीक अंगाची आहे. बाबांचा हात आता तारेकडे नाही.

तिच्या खांद्यावर आहे.