सुपारी बांधलेला रुमाल

येवल्याहून नाशिकला जाणाऱ्या गाडीत बसायचं असेल तर तिकिटाचं नंतर बघता येतं, आधी रुमाल लागतो. गाडी स्टँडात वळली रे वळली की माणसं तिच्या बाजूनं पळायला लागतात आणि खिडकीतून आत रुमाल, टोपी, पिशवी, हाताला लागेल ते टाकतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळला जातो. रुमाल पडलेल्या सीटवर कोणी बसत नाही. मालक मागाहून येतो, रुमाल उचलतो आणि बसतो. रुमाल उचलला म्हणजे माणूस आला.

मोतीरामला हे कधी जमलं नाही. चाळीस वर्षं पैठणीच्या मागावर बसलेला माणूस तो. रेशमाच्या तारेवर त्याची बोटं सराईतपणे चालत, पण गर्दीत कोपर चालवायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. ते खातं त्याच्या बायकोचं, पुतळाबाईचं. पाच फूटही उंची नसलेली ती बाई पदर खोचून धावायची आणि भल्याभल्या पैलवानांना मागे टाकून खिडकी गाठायची. तिचा रुमालही खास होता. साध्या मांजरपाटाचा, एका कोपऱ्यात मागावर उरलेल्या हिरव्या रेशमानं भरलेला पोपट आणि दुसऱ्या कोपऱ्यात गाठ मारून सुपारी. नुसता रुमाल वाऱ्यानं भलतीकडे जातो, सुपारीचा नेमका सीटवर पडतो, हा तिचा शोध.

"तुमी सावकाश या, मी जागा धरते," असं म्हणून ती पळायची. मोतीराम खरंच सावकाश यायचा. गाडीत चढला की ती रुमाल उचलून त्याला खिडकीशी बसवायची, आणि निफाड येईपर्यंत त्याच्या भित्रेपणावर तोंडसुख घ्यायची.

तिच्या छातीत दुखू लागलं तेव्हाही ती दोघं याच गाडीनं नाशिकला आली होती. ऑपरेशनला आत नेताना मोतीरामचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून ती स्ट्रेचरवरून हसली होती. "तुमी सावकाश या. मी जागा धरते," म्हणाली. दार मिटलं, आणि ती परत आली नाही.

तो रुमाल मोतीरामनं तिच्या मुठीत ठेवला. मूठ मिटली ती रोशनीनं. रोशनीचं नाशिकला मेन रोडवर पैठण्यांचं दुकान होतं, मोतीराम विणलेली साडी तिलाच द्यायचा, आणि पुतळाबाईवर तिचा फार जीव होता. नाशिकच्याच अमरधाममध्ये अग्नी दिला. रुमाल तिच्यासोबतच गेला, सुपारीसकट.

तीन महिने माग बंद होता. मग एक साडी पूर्ण झाली आणि मोतीराम ती घेऊन एकटाच स्टँडवर आला. गाडी लागली, झुंबड उडाली. तो बाजूला उभा राहून सगळ्यांत शेवटी चढला. मागून तिसऱ्या बाकावर खिडकीची जागा रिकामी होती. तिच्यावर रुमाल होता.

हिरवा पोपट.

येवल्यात विणकरांची घरं थोडीथोडकी नाहीत, त्यानं मनाला समजावलं. आणखी कुणा बाईला सुचला असेल पोपट. तो दांड्याला धरून उभा राहिला. विंचूर गेलं, तरी रुमालाचा मालक आला नाही. शेवटी कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसा की. कोनी येत नाय आता."

मोतीरामनं रुमाल कडेला सरकवला तर कोपऱ्यातली गाठ बोटाला टणक लागली. तो बसला. डिसेंबर होता, निफाडची थंडी खिडकीच्या फटीतून सुरीसारखी येत होती, आणि रेक्झिनची ती सीट उबदार होती. कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

नाशिकला उतरताना त्यानं वळून पाहिलं. सीटवर काही नव्हतं.

त्यानंतर हे होतच राहिलं. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून नाशिकरोडला जाणाऱ्या शहर बसमध्ये, जिथे रुमाल टाकायची कोणाची टाप नाही, तिथेही एकदा पोपट दिसला. आणि एकदा एसटी चुकली म्हणून तो मनमाडहून रेल्वेनं निघाला, तर जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसताना एका तरुण बाईनं लांबून हात केला. देवळाली कॅम्पात राहणारी, नवरा फौजेत, असं तिनं पुढे सांगितलं.

"काका, इकडे या. ही जागा तुमची."

"माझी?"

"मावशी आत्ताच उठल्या ना. म्हणाल्या, पांढरी टोपी असेल, काखेत कापडी पिशवी असेल, आणि सगळ्यांच्या शेवटी येतील." ती हसली. "अगदी तस्सेच आलात. पण मावशी कुठे गेल्या? गाडी तर सुरू झाली."

मोतीराम रुमालाशेजारी बसला. पिशवी मांडीवर घेत म्हणाला, "हायेत मागं कुठंतरी."

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. जी बाई जन्मभर आपल्यासाठी धावली, तिला घाबरायचं कशाला? उलट त्याला लाज वाटली, की मेल्यावरही हिला धावायला लावतोय आपण. आणि आनंद झाला. इतका की तो साडी नसतानाही नाशिकला जायला लागला. दर मंगळवारी रोशनीच्या दुकानात जायचा, चहा प्यायचा आणि परतीची गाडी पकडायचा. रोशनीनं खोदून खोदून विचारल्यावर एकदा त्यानं सगळं सांगून टाकलं. ती ना हसली ना रडली. फक्त म्हणाली, "काका, मावशींना माझा नमस्कार सांगा."

अशात संध्याचा फोन आला. संध्या त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन बंगळुरूला गेलेली, आठवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. आणि माहेर म्हणजे तरी आता काय, एकटा मोतीराम.

"बाबा, मला येता येत नाही, तर माहेरानं इकडे यावं," ती म्हणाली.

"मागावर अर्धी साडी हाय गं."

"साडी पळून जाणार आहे का?"

साडीचं निमित्त होतं. पुतळाबाईनं कधी नाशिक ओलांडलं नव्हतं. बंगळुरूला कुठली येवल्याची गाडी, कुठला तो स्टँड? आपण इतक्या लांब गेलो तर ती कुठे धावेल, कुठली खिडकी शोधेल? मुलीकडे गेलं तर बायको सुटते आणि बायकोला धरून राहिलं तर मुलगी एकटी पडते. बिचाऱ्याचं जेवण तुटलं. अखेर त्यानं मध्यम मार्ग काढला. मनमाडहून बंगळुरूला रेल्वे जाते. रेल्वेला खिडकी असते, आणि ती उघडते. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढायला त्यानं जावयाला सांगितलं.

पण पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला वेळच राहिला नाही. सोमवारी संध्याकाळी संध्या फोनवर रडत होती. रक्तदाब वाढला होता, उद्या रात्री आठला ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं.

"बाबा, आई पण ऑपरेशनलाच आत गेली होती," ती म्हणाली. "मला आत नेतील तेव्हा तुम्ही दाराशी पाहिजेत. बाकी मला काही नको."

रेल्वेनं एक दिवस लागतो. जावयानं नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं.

मंगळवारी सकाळी मोतीराम स्टँडवर आला. नेहमीसारखाच शेवटी चढला. रुमाल होता. तो शेजारी बसला आणि विंचूर गेल्यावर, कोणाचं लक्ष नाही असं बघून, खिडकीकडे तोंड करून हळूच बोलला.

"संध्याकडं चाललोय. इमानानं जावं लागतंय. त्याची खिडकी उघडत नाय म्हनत्यात." त्यानं रुमालावर हात ठेवला. "लय धावलीस माझ्यासाठी. आता बस जराशी."

सीट उबदार होती. नाशिक येईपर्यंत तो रडत राहिला.

सीबीएसवर उतरून त्यानं मुद्दाम मागे पाहिलं नाही. रोशनी त्याला ओझरला सोडायला गाडी घेऊन आली होती. तो तिच्याकडे चालू लागला, तोच कंडक्टर धावत आला.

"बाबा! रुमाल राहिला की तुमचा!"

आणि त्यानं रुमाल मोतीरामच्या हातात दिला.

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच गाडीबाहेर आला होता. मोतीरामनं गाठ चाचपली, पोपटावरून बोट फिरवलं. रुमालाला किंचित धुराचा वास होता.

रोशनीनं तो पाहिला आणि गाडीची किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. तिनंच तर ती मूठ मिटली होती.

"काका, हा…"

"हं," मोतीराम म्हणाला.

विमानतळावर त्याची पिशवी उतरवून देताना तिनं त्याच्या पाया पडता पडता विचारलं, "काका, आज त्यांनी तो तुमच्याकडेच का ठेवला?"

मोतीरामनं रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

तपासणीत पोलिसानं गाठीवर बोट ठेवून विचारलं, काय आहे यात. सुपारी, मोतीराम म्हणाला. पोलिसानं ती दाबून पाहिली आणि जाऊ दिलं.

विमानात त्याला खिडकीची जागा मिळाली. धावावं लागलं नाही, नंबर कागदावर छापलेला होता. खिडकी हाताएवढी आणि घट्ट बंद. कमरेचा पट्टा त्याला लावता येईना, तेव्हा तिथल्या मुलीनं तो लावून दिला. शेजारची जागा रिकामीच होती. एक प्रवासी आलेला नाही, ती मुलगी हिंदीत म्हणाली, आता दार बंद करतोय.

त्यानं संध्याला फोन लावला. "बसलो गं. चारपाच तासांत दाराशी असतो. भिऊ नको."

"तुम्ही भ्यालात का?"

"लय," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

फोन ठेवतोय तोच मागच्या बाकावरचा एक जाडसर गृहस्थ पुढे आला. मागं फार अडचण होतेय म्हणाला. "काका, इथं कोणी आहे?"

मोतीरामनं रिकाम्या सीटकडे पाहिलं. पट्ट्याची दोन टोकं तिच्यावर अस्ताव्यस्त पडली होती. आणि एकदम त्याला रोशनीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. इथे तिला धावता येत नव्हतं. आज पाळी त्याची होती.

त्यानं खिशातून रुमाल काढला. पट्ट्याची टोकं दोन बाजूंना सारली आणि रुमाल सीटच्या मधोमध ठेवला. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात जे त्याला कधी जमलं नव्हतं, ते तो मोठ्या आवाजात बोलला.

"जागा धरलेली हाय."

गृहस्थ नाशिककडचाच असावा. त्यानं रुमालाकडे पाहिलं, हसला आणि मुकाट्यानं मागे गेला.

विमान हललं. मोतीराम रुमालाकडे वाकला. "तू सावकाश ये," तो पुटपुटला. "म्या धरलीय."

इंजिनाचा आवाज वाढला. सगळं थरथरू लागलं. त्यानं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली आणि डोळे मिटले.

चाकांनी जमीन सोडली.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. खाली द्राक्षांच्या बागा, मग एक वळण घेतलेली नदी. इतकं सुंदर काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कोणाला तरी दाखवावं म्हणून तो शेजारी वळला.

रुमाल नव्हता.

त्यानं पायाशी पाहिलं. सीटच्या फटीत पाहिलं. नव्हता.

मग त्याचं लक्ष पट्ट्याकडे गेलं.

पट्टा लावलेला होता. आणि तो सीटवर टेकलेला नव्हता.