सरणाचा आंबा

"आमचे वडील, आबा, अचानक गेले, असं भाऊ सांगतो. मला पटत नाही," वैजयंती म्हणाली. "खरं काय ते शोधा."

सावळेराम डुंबरे पूर्वी वनखात्यात होते; आता नारायणगावात खासगी तपास करत. दहाव्याच्या सकाळी ते तिच्यासोबत तळेघरला निघाले. जीप त्यांचा मित्र भरत चालवत होता. साल १९९८, श्रावणाची झड.

ओढ्यापलीकडे एकच घर. शेजारी पिंपळ, त्याला मेल्या जिवासाठी पाण्याचं मडकं टांगलेलं.

भाऊ रामदास पडवीत बसला होता. "पहाटं चहा प्यालं अन् गेलं. आजारी नव्हतं. तवाच दारचा आंबा तोडला, दुपारी अग्नी दिला. हिच्यासाठी कुठवर थांबायचं?"

आबांच्या खाटेवर आढ्याहून दोर लोंबत होता. त्याची गाठ हाताळून काळी पडली होती.

ओढ्याअलीकडची लंकाबाई दहाव्याला आली होती. "म्हयनाभर पूर व्हता, इकडं कुनाचा पाय नाय. उतार पडला तवा मयताला आलो. सरण लई भडाडलं. धूर सुदिक नाय. पुण्यवान गडी!"

"पुण्याईनं लाकूड वाळतं व्हय, आजी?" भरत म्हणाला.

"तुजं नाय वाळायचं, मेल्या!"

डुंबरे अंगणात खोडापाशी वाकले. बुंध्याला वीतभर कोंब होते, तांबूस पानांचे.

"माझ्या जन्माला लावला होता," वैजयंती म्हणाली. "यम पानांनी डवरलेल्या झाडाखाली पितरांसोबत बसतो, अशी जुनी कल्पना आहे. म्हणून आपण माणूस झाडांच्या स्वाधीन करतो. तिरडीला बांबू, सरणाला आंबा, मडक्याला पिंपळ."

डुंबरे पडवीत परतले.

"ओला आंबा धुमसतो, रामदास. हा धुराशिवाय जळला, म्हणजे फोडून घरात वाळवलेला होता. शिवाय दहा दिवसांत खोडाला वीतभर फूट येत नाही. महिना तरी लागतो. झाड पडलं तेव्हा आबा जिवंत होते."

"म्हंजी मारायचं ठरलं व्हतं?" भरत दचकला.

"मारणारा माणूस म्हाताऱ्याला उठून बसायला दोर बांधून देत नाही. आबा फार दिवस अंथरुणात होते. ह्यानं सेवा केली. पावसात सरण विझू नये म्हणून लाकूडही आधीच वाळवलं. जित्या माणसाचं सरण करणं पाप, म्हणून लपवलं. पण बहिणीला आजार का कळवला नाही, ते झाड सांगत नाही."

रामदास बहिणीकडे वळला.

"हागणं-मुतणं म्या काढलं. घास म्या भरवला. अन् डोळं उघडलं की, 'वैजू आली का?' रोज तेच. माजं नाव एकदा बी न्हाई."

"शेवटच्या दिवशीही विचारलं?" वैजयंतीनं विचारलं.

"व्हय."

"तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, निरोप धाडलाय. ती येत न्हाई म्हनती."