फुलांआडचा नंबर

दसऱ्याच्या सकाळी पनवेलच्या बाजारात जाऊन एकेक झेंडू निवडत बसायचं, ही माझी जुनी हौस. करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत सगळ्यात जाड हार आमच्याच गाडीला असायचा. बॉनेटवरून सुटलेला तो थेट नंबरप्लेटच्या खालपर्यंत लोंबायचा. शेजारची अनुया विचारायची, "नीता, गाडी आहे की नवरदेव?" मी हसायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खरं नाही.

मागच्या दसऱ्याला आमच्या लेकीला, कादंबरीला, ताप होता, म्हणून शार्दूल, माझा नवरा, एकटाच नेऱ्याला गेला होता. त्याच्या साहेबांचं तिथे फार्महाउस आहे. सोनं वाटून झालं की तिथे ग्लास निघतात, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी तो परतला तेव्हा गाडीचा डावा दिवा फुटलेला आणि हार अर्धा तुटलेला. गेटच्या खांबाला घासली, म्हणाला. तोंडाला वास येत होता, पण सणाच्या दिवशी कशाला भांडायचं म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तो आपणहून रडत आला आणि सहा वर्षांच्या कादंबरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, पुन्हा थेंबालाही शिवणार नाही. मी देवापुढे साखर ठेवली. एका दिव्यावर निभावलं, असं वाटलं मला. तुटका हार मी माझ्याच हाताने निर्माल्यात टाकला.

यंदा आम्ही तिघं गेलो. वर्षभर त्याने शपथ पाळली होती, निदान मी तसं धरून चालले होते. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी विहिरीकडे गेली, ती दिवस कलल्यावरच परतली. शार्दूलच्या तोंडात मूठभर बडीशेप होती. मी गाडीची चावी मागितली. लायसन्स माझ्याकडेही आहे, पर्समध्ये ठेवण्यापुरतं. "कोल्ड्रिंक घेतलंय गं," तो म्हणाला, "कादूची शपथ." लेकीचं नाव आलं आणि माझं तोंड बंद झालं. याचा राग मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

कादंबरीला घेऊन मी मागे बसले. दिवस मावळून गेला होता. डोंगराखालचा रस्ता सुनसान होता, दोन्ही बाजूंनी पिकत आलेल्या भाताचा वास येत होता. गाडी मध्येच कडेला उतरायची, पुन्हा डांबरावर यायची. मी कादूला घट्ट धरून बसले होते.

वळणावरच्या चिंचेखाली बुधी बसलेली दिसली. वरच्या कातकरीवाडीतली म्हातारी. दर दसऱ्याला आपट्याच्या फांद्या घेऊन ती तिथे बसायची आणि मी तिच्याकडूनच सोनं घ्यायचे. थांब म्हटलं, तर शार्दूल म्हणाला, "तिथे कोणी नाहीये." आणि त्याने वेग वाढवला.

चिंच मागे पडली आणि इंजिन बंद झालं. धक्का नाही, घरघर नाही. गाडी आपोआप कडेला जाऊन थांबली. इतका वेळ किरकिरणारे रातकिडेही थांबले. मग वास आला, झेंडूचाच, पण पाण्यात चार दिवस कुजलेल्या झेंडूचा.

मी उतरले. कादू माझ्यामागून उतरली. मागे पाहिलं तर चिंचेखाली कोणी नव्हतं. बुधी गाडीच्या पुढे उभी होती. तिने कादूच्या हातात आपट्याचं एक पान दिलं. "सोन्यासारकी ऱ्हा," म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच हळू आवाजात बोलली.

"बाय, फुलं जरा वर कर... नंबर बघू दे."

"कशाला गं?"

"गेल्या साली दिसला नाय..."

मी हार वर का उचलला, ते मला अजून सांगता येत नाही. ती उकिडवी बसली. तिला अक्षरओळख नव्हती. पाटीवर मूल गिरवतं तसं तिने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं, शेवटच्या आकड्यापर्यंत. तेवढ्यात शार्दूलने हॉर्न दाबला. मी दचकून त्याच्याकडे पाहिलं, आणि मान वळवली तेव्हा समोर नुसता रस्ता होता.

हॉर्न ऐकून पुढच्या पंक्चरच्या दुकानातला काळूराम बॅटरी घेऊन आला. मी त्याला म्हटलं, बुधी आत्ता इथे होती, कुठे गेली बघ. त्याने बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर धरला.

"ताई, बुधी गेल्या दसऱ्यालाच गेली. हितंच गाडीनं उडवली तिला. लोकांनी गाडी समोरनंच बगितली, पन नंबर नाय गावला. पुढं फुलांचा हार व्हता."

हार अजून माझ्या हातात होता.

शार्दूलने काच खाली केली. बडीशेपेच्या आडून दारूचा भपकारा आला. त्याने काळूरामचं बोलणं ऐकलं होतं. तो मला जवळ बोलावून कुजबुजला, "तुझ्या हारामुळे वाचलो, नीता... वर्ष झालं आता. तू काही बोलू नकोस."

त्याने मला फसवलं, हे एक वेळ मी गिळलं असतं. पण त्याने माझे हात वापरले होते, माझी फुलं, देवापुढे ठेवलेली माझी साखर. एक म्हातारी रस्त्यावर मेली होती आणि मी घरात नवरा सुधारला म्हणून आनंदात होते. इतका तिटकारा मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

"चावी दे," मी म्हटलं.

काळूरामकडे बघत त्याने ती दिली. त्याला मी पुढे, माझ्या शेजारी बसवलं, मागे कादूजवळ काळूराम बसला, साक्षीला. हार काढून मी चिंचेला बांधला. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि मी ती जमेल तशी थेट पोलीस ठाण्यात नेली. तिथे शार्दूलने आधी नाही-नाही म्हणून मान हलवली, मग सगळं कबूल केलं.

आता तो जामिनावर आहे, रोडपालीला भावाकडे राहतो. दर रविवारी कादूला फोन करतो. ते पान कादूने कंपासपेटीत ठेवलंय. आपट्याचं पान दोन दिवसांत वाळतं, हे अडीच महिने झाले तरी हिरवं होतं. मग एका रविवारी तो फोनवर म्हणाला, दारू सोडली, कादूची शपथ. दुसऱ्या दिवशी पानाची कड तपकिरी झाली आणि कादू तापाने फणफणली. पुढच्या रविवारी पुन्हा शपथ, पुन्हा ताप. आपट्याच्या पानाची दोन दलं असतात. त्यातलं एक आता पूर्ण वाळून गेलंय.

आज मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, पाया पडते तुझ्या, प्यायचं तर पी, खोटं बोलायचं तर बोल, पण तिची शपथ घेऊ नकोस.

तो हसला. जीभ जड झालेली होती.

"बरं बाई," म्हणाला, "नाही घेणार. कादूची शपथ."

ती आत झोपली आहे. कंपासपेटी माझ्यासमोर आहे. मी ती अजून उघडलेली नाही.