पायरीजवळचा दिवा

खट्ट. तिन्हीसांजेच्या शांततेत बटणाचा एवढासा आवाजही तिला चिडका वाटला. बागेतले सगळे दिवे लागले. पायरीजवळचा तेवढा नाही. पंधरवड्यात चौथ्यांदा! आणि आज तर त्या अंधारात लेक तिथेच अडखळून पडली.

महिन्यापूर्वी हे दिवे बसवणारा माणूस शेजारच्यांचं घर समजून तिच्या फाटकात शिरला होता. वर म्हणाला, "झाडावर खालून झोत सोडला, की रस्त्यावरून घर कसं उठून दिसेल!"

"मी काय रस्त्यावर खाट टाकून राहते?" ती कडाडली होती.

तो हसला नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बराच वेळ बाहेर बघत राहिला... आणि दिवा त्याने झाडावर उंच बांधला. पानांतून गाळलेला उजेड अंगणात उतरला. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली होती. त्या खिडकीशी ती पहिल्यांदाच रेंगाळली.

मग पायरीचा दिवा बिघडायचा, तो यायचा, चहाबरोबर तिचे टोमणे गिळायचा. ती वाट बघू लागली होती — हेच तर आज जास्त झोंबत होतं.

तो आला. झाकण उघडलं. लेकीला कडेवर घेऊन तिने बॅटरी धरली. आतला स्क्रू अर्धाच पिळलेला, वायर सुटलेली. एवढा कसबी हात एकाच जागी चार वेळा चुकतो?

"मुद्दाम सैल ठेवत होतात?"

तो झाकणावरची माती पुसू लागला.

"बोला ना! मिठाची गुळणी धरलीत?"

"हो... मुद्दाम. बोलावल्याशिवाय यायचं तरी कुठल्या तोंडाने?"

"आणि माझी पोर पडली, ती?"

गुडघ्यावरची पट्टी त्याला आत्ता दिसली. चेहरा पांढराफटक पडला.

"प्रेम असेल तर माणसाने सरळ सांगावं! लेकराच्या पायाखालचा उजेड काढून घेतात का?"

बोलून गेली, आणि तिचे कान तापले. तो शब्द तिनेच काढला होता.

"सांगतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही मला फार आवडता... तुमच्या रागासकट. पण चुकलंच माझं."

त्याने वायर जोडली, स्क्रू गच्च पिळला. दिवा लागला. "आता दहा वर्षं बघायला नको." पिशवी उचलून तो फाटकाकडे निघाला. थांबा म्हणावं, की चांगलं फैलावर घ्यावं — तिचं ठरेना.

लेकीने तिची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आई, आता दिवा बिघडणारच नाही... मग काका कशाला येतील?"