सर्वेशचं विरजण

केतकी नाटेकरनं कपाटातले सगळे खेळ जेवणाच्या टेबलावर मांडले आणि डॉक्टर अनुजा देऊसकरांना सांगितलं, की यातला हवा तो न्या, पण माझा नवरा मला परत आणून द्या. व्हिडिओ गेमच्या त्या चपट्या डब्या होत्या आणि एकीचंही सील फुटलेलं नव्हतं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सर्वेश सावंतवाडीच्या चितारआळीतून, लाकडी खेळण्यांच्या त्या जुन्या बाजारातून, एक खेळ घ्यायचा आणि निवृत्त झालो की निवांत खेळू, असं म्हणत कपाटात ठेवून द्यायचा. आता निवृत्ती आली होती, निवांतपणाही आला होता. खेळणारा तेवढा उरला नव्हता.

त्या काळातले खेळ आयते मिळत नसत. डबीत नुसती कोरी यंत्रणा असे. खेळ विकत घेताना दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोक्याला एक पट्टी बांधायचा. ती पट्टी मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत त्याचा, म्हणजे त्या घडीला तुम्ही जे कोणी असाल त्याचाच, ठसा टिपून डबीत उतरवायची. लोक याला विरजण म्हणत, आणि शब्द अगदी चपखल होता. घरी खेळ सुरू केला, की त्या ठशावरून खेळातलं गाव, माणसं, संकटं, सगळं तुमच्या स्वभावाला धरून लागत जाई, चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागावं तसं. मात्र एकदा लागल्यावर मूळचं विरजण वेगळं काढायची सोय नव्हती. जशीच्या तशी माणसं राहत ती फक्त न खेळलेल्या डब्यांत.

सर्वेशला गेल्या वर्षी मेंदूज्वर झाला. तो वाचला, धडधाकटही झाला. बोलणं-चालणं, मोती तलावाला फेरी मारणं, सगळं जमत होतं, फक्त आपण कोण हे साफ पुसलं गेलं होतं. घरात तो सभ्य पाहुण्यासारखा राही. बायकोला अहो-जाहो करी, जेवल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवी. "तुम्ही जेवलात का?" असं त्यानं विचारलं, की केतकीच्या काळजात चर्र होई. तिला तिचा तो भांडखोर, टोमणे मारणारा, आरशापुढून न हलणारा सर्वेश हवा होता. हा कितीही भला असला तरी नको होता.

डॉक्टर अनुजा पणजीच्या प्रयोगशाळेत अशा रोग्यांवर काम करत. त्यांनी सगळं सोप्या भाषेत समजावलं होतं.

"म्हणजे डबीतला सर्वेश यांच्या डोक्यात ओतायचा?" केतकीनं विचारलं होतं.

"ओतायचा नाही, लावायचा. यांच्या मेंदूत दूध चांगलं आहे, विरजण तेवढं संपलंय. पण वापरलेली डबी मग कायमची रिकामी होईल."

होऊ दे, म्हणाली केतकी. तिनं दहाव्या वाढदिवसाची डबी काढली. त्या दिवशी दोघं दुकानात खूप हसली होती, दुकानदारानं खुशीत लाकडी आंबा फुकट दिला होता. बाकी त्या दिवसाचं काही तिला आठवत नव्हतं, आणि आठवावं असंही तिला वाटत नव्हतं.

प्रयोगशाळेत सगळं तयार झालं आणि शेवटच्या तपासणीला डॉक्टर अडल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. माणूस स्वतःला आरशात ओळखतो, त्याची खूण प्रत्येक ठशात असते, त्यांनी सांगितलं. या ठशात सर्वेशचा चेहरा नव्हताच. तिथे केतकी होती. त्यांनी उरलेल्या डब्याही सील न फोडता वरून तपासल्या, आणि सगळ्यांत तीच होती.

केतकी आधी चक्रावली आणि मग हसत सुटली. तिच्या सगळं ध्यानात आलं. केस! बसवलेल्या केसांना सर्वेश न्हाव्यालासुद्धा जपून हात लावू द्यायचा. दुकानात पट्टी पुढे आली, की तो दोन पावलं मागे सरायचा आणि केतकीला म्हणायचा, तू बस, खेळ दोघांचाच तर आहे. ती बसायची. पट्टी कुणाला बांधली यानं काही बिघडतं, हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मग यांच्यासाठी काही करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे घरी घेऊन जा. तिशीतल्या, चाळिशीतल्या तुम्ही आहात यात. जपून ठेवा."

माणसानं इथे थांबायला हवं होतं. पण केतकी आयुष्यात कधी अर्ध्या वाटेवरून परतली नव्हती. तिनं विचारलं, की माझंच विरजण त्यांना लावलं तर? दूध कुणाचं, हे विरजण विचारत नाही, लागेल खरं, असं डॉक्टरांना कबूल करावं लागलं. पण लागेल ते सर्वेश नसेल. शिवाय ठशातलं वेचून घेता येत नाही, सगळं आत जाईल, असंही त्यांनी बजावलं.

"डॉक्टर, माझ्या डोक्यात सर्वेश जितका आहे तितका त्याच्याही डोक्यात नव्हता," केतकी म्हणाली. "लावा."

त्यांनी सर्वेशला विचारलं. तो केतकीकडे पाहून हसला आणि म्हणाला, "तुम्ही इतक्या ठाम आहात, मग मी कशाला घाबरू?"

चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि पहिली हाक मारली ती "केतकी!" अशी. अहो नाही, जाहो नाही. दुकानदाराच्या मिशा, लाकडी आंबा, पावसात बंद पडलेली स्कूटर, सगळं तो घडाघडा बोलत होता. केतकी ढसाढसा रडली, आणि रडता रडता तिनं डॉक्टरांकडे असं काही पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हते?

घरी आल्यावर तो तडक स्वयंपाकघरात गेला आणि कडधान्यांच्या बरण्यांमागचा आमसुलांचा डबा नेमका काढून त्यानं सोलकढी केली. जुन्या सर्वेशला घरात आमसुलं असतात एवढंच ठाऊक होतं. केतकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण सोलकढी तिच्या हातची व्हायची तश्शीच झाली होती आणि ती भरपेट जेवली. उरलेल्या डब्या आता कशाला ठेवायच्या, कुणाला तरी देऊन टाकू, असंही तिनं बोलून दाखवलं.

जेवण झाल्यावर त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"बेळगावची नोकरी मी पक्की केलीय. इथं सर्वेशबरोबर आता राहवत नाही, एकटीच जाईन. दुकानात इतकं हसले, पण पट्टी बांधून बसले होते तेव्हा डोक्यात तेवढंच होतं. सर्वेशला आज सांगू का?"

हे केतकीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला नाही, बहिणीला नाही. त्या रात्री सर्वेश गुणगुणत तो लाकडी आंबा शोकेसमध्ये मांडत बसला होता आणि तिला धीर झाला नव्हता. नंतर दिवस निघून गेले, संसार झाला, चांगला झाला. समोरच्या चेहऱ्यातून तिची तीच अडकलेली नजर तिच्याकडे उत्तर मागत होती. तेव्हा तिनं स्वतःला नको म्हणून गप्प बसवलं होतं. पुन्हा त्याच जिवाला गप्प बसवणं तिला जमेना.

"सांग," ती म्हणाली. "तो ऐकून घेईल."

त्यानं मोकळा श्वास सोडला. मग तो उठला आणि सर्वेशला शोधायला आतल्या खोलीत गेला.