आठ दिवसांचं आमिष

मुंग्या मारण्यात त्याची उभी हयात गेली होती, म्हणून सगळे त्याला मुंगीवालाच म्हणत. त्या सकाळी तो मळ्यातल्या घरी पोहोचला, तेव्हा घरची ताई दारातच रडकुंडीला आली होती. विकत आणलेल्या रोपांच्या मातीतून कुठल्या तरी परदेशी पिवळ्या मुंग्या आल्या होत्या. त्यांनी वांग्यांवर रस शोषणारा पिठ्या ढेकूण पोसला, कोंबडीची पिल्लं आंधळी केली आणि आता त्या घरात शिरल्या होत्या.

"फवारे मारून मारून थकले हो, भाऊ."

"तिथेच चुकलात. फवारा मारला की यांचं वारूळ फुटतं आणि एकाची दहा होतात." त्याने गोड आमिषाच्या डब्या काढल्या. "हे विष त्या आपल्याच हाताने राण्यांना भरवतील. पण आठ दिवस एकही मुंगी मारायची नाही आणि डबीला हात लावायचा नाही."

मुंग्यांची रांग आतल्या खोलीत, पलंगाखाली जात होती. पलंगावर ताईचे वडील बसले होते. दोन वर्षं लुळे आणि मुके पडलेले, पण या हिवाळ्यापासून उठून बसत, लेकीशी बोलत. तिला त्यांच्यावाचून कुणीच नव्हतं, आणि हे सांगताना तिचा चेहरा उजळला. खोलीत मात्र आंबलेल्या मधासारखा वास कोंडला होता.

ताई पाणी आणायला गेली, तशी म्हाताऱ्याने मान वळवली.

"किती दिवस...?"

"आठ, बाबा."

"बरं... पोरीला सांगू नका."

म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो, असं मनाशी म्हणत मुंगीवाल्याने शेवटची डबी पलंगाखाली सरकवली.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला.

"भाऊ, बाबा उठत नाहीत... आवाज अगदी बारीक झालाय. डब्या उचलू का?"

पाचव्या दिवशी सगळ्यांचाच धीर सुटतो, हे त्याला पाठ होतं. "अजिबात नाही! तीन दिवस कळ काढा, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात जाईल."

तिने कळ काढली.

आठव्या दिवशी तो गेला, तेव्हा खोलीभर, बाबांच्या उघड्या तोंडातही, मेलेल्या मुंग्यांचे ढीग होते. डॉक्टर निघतच होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "म्हातारे हिवाळ्यातच गेलेत. आत काही उरलेलंच नाही... नुसती कातडी."

ताईने ते ऐकलं.

"मग मी रोज कुणाला भरवत होते, भाऊ?"

त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली. काहीतरी करायचं म्हणून त्याने उशी सरळ केली, तर खाली मूठभर मुंग्या जिवंत होत्या, मधोमध एक राणी. सवयीने हात खांद्यावरच्या फवारणीच्या पंपाकडे गेला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"नको... यांना वाढायला किती दिवस लागतात?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. खोटं बोलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"नीट खायला मिळालं तर... वर्षभर."

तिने मान डोलावली आणि उशीवर अलगद चादर ओढली. तो डब्या गोळा करून फाटकापर्यंत आला, तोच आतल्या खोलीतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ ताईचा आवाज आला.

"आले हं, बाबा."